कृष्णाकाठची प्रयोगशाळा

अभियांत्रिकी महाविद्यालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रवेशाच्या याद्या, फीचे आकडे आणि कॅम्पस इंटरव्ह्यू येतात. तिथे संशोधन चालते का, चालत असेल तर कशावर, हे सहसा कोणी विचारत नाही. मी काही वर्षे अशा एका महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवली. घरी-दारी भेटणारे विचारायचे, ‘सर, यंदा किती मुले नोकरीला लागली?’ ‘यंदा तुमच्याकडे नवे काय कळले?’ असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. आज या दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे बोलायचे आहे, आणि तेही सातारा-सांगलीपुरते.

तंत्रशिक्षणाच्या संस्थेतले संशोधन किती व्यापक असावे? विभागांची यादी वाचली तर ते फार व्यापक वाटते. पण यादीवरून व्याप्ती कळत नाही. एखादा प्रश्न सोडवायला किती विभागांना एकत्र बसावे लागते, त्यावरून ती कळते. असे प्रश्न आपल्या या दोन जिल्ह्यांनी भरपूर पुरवले आहेत.

‘दोन जिल्हे’ म्हणायचे तेही अलीकडेच. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी, या भागात एकही अभियांत्रिकी महाविद्यालय नसतानाही, तंत्रज्ञानाचे प्रयोग मात्र चालू होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यांत्रिक रेखाटन शिकवत. बढती डावलली गेली म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे बेळगाव आणि तिथून १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर त्यांनी कारखाना काढला. तेच आजचे किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर आपल्या काळ्या जमिनीत चालेल का, फाळ किती कठीण हवा, बैलांना तो ओढवेल का, ही सगळी तपासणी कारखान्यात आणि शेताच्या बांधावर झाली. तिला कोणी संशोधन म्हटले नाही, पण ओतकामातला धातू, मातीचा विरोध आणि जनावराची ताकद यांचा तो एकत्रित अभ्यासच होता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत काचेची चिमणी आणि प्रभाकर कंदील तयार झाला, त्याच्यामागेही भट्टीतले असेच प्रयोग होते.

मग आले १९४७ साल. धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने सांगलीत ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ सुरू झाले. आरंभ स्थापत्य शाखेने झाला. १९५५ मध्ये वालचंद उद्योगसमूहाचा आधार मिळाला, विद्युत आणि यंत्र या शाखा आल्या आणि महाविद्यालय ‘वालचंद’ नावाने ओळखले जाऊ लागले. १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे साठच्या दशकाच्या आरंभी या भागात अभियंते घडवण्याची व्यवस्था उभी होती. मात्र ती व्यवस्था शिकवण्याची होती. देशाला धरणे, रस्ते, वीज हवी होती, त्यासाठी माणसे हवी होती, आणि ती वेळेत तयार करणे हेच या महाविद्यालयांचे काम मानले गेले. त्यात गैर काही नव्हते. पण याच सुमारास पश्चिमेला, कऱ्हाडपासून पन्नास-साठ किलोमीटरांवर, जगातल्या शास्त्रज्ञांना पुढची पन्नास वर्षे पुरेल एवढा एक प्रश्न आकार घेत होता.

कृष्णा आणि कोयना या दोघी महाबळेश्वरी उगम पावतात आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेटतात. कोयनेवर १०३ मीटर उंचीचे धरण बांधून १९६२ च्या सुमारास पाणी साठवायला सुरुवात झाली. लवकरच परिसरात जमिनीखालून गडगडाट ऐकू येऊ लागला, लहान लहान धक्के जाणवू लागले. दख्खनचे पठार हे अत्यंत स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी तेव्हाची समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी ती समजूत संपली. ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगरची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे १८० माणसे दगावली, हजारो बेघर झाली.

धरण उभे राहिले, पण त्याला तडे गेले. धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने धक्क्याची नोंद केली होती. ती पुढे जगभर अभ्यासली गेली. त्या वेळच्या रीतीप्रमाणे भूकंपाचा आडवा जोर म्हणून धरणाच्या वजनाच्या ०.०५ पट, म्हणजे विसावा हिस्सा, गृहीत धरला होता. यंत्रावर प्रवाहाच्या दिशेतील त्वरण नोंदले गेले ते गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ निम्मे. हे दोन आकडे सरळ भागता येत नाहीत, कारण एक आहे संकल्पनातला स्थिर भार आणि दुसरे आहे क्षणभर आलेले शिखर. तरी हिशेबाची जुनी पद्धत अपुरी होती, एवढे त्यावरून स्पष्ट झाले. तडे कुठे गेले हेही पाहण्यासारखे होते. पायथ्याशी नव्हे, तर वर, जिथे धरणाच्या पाठीचा उतार एकदम बदलतो तिथे ते गेले. स्थिर भाराच्या हिशेबात तो भाग सुरक्षित दिसत होता. धरण हलले की त्याचा माथा झोके घेतो, आणि त्या झोक्याचा ताण याच सांध्यावर येतो. धरण हा नुसता जड दगड नाही, तो कंप पावणारा पदार्थ आहे, हे कोयनेने शिकवले.

अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या धरणाचे गणित मांडले. त्यानंतर काँक्रीटच्या धरणांविषयी कोणतीही नवी पद्धत निघाली की ती आधी कोयनेवर तपासून पाहायची, असा प्रघातच पडला. ‘अबॅकस’ नावाच्या प्रसिद्ध संगणकप्रणालीच्या मार्गदर्शिकेतसुद्धा कोयना धरण नमुन्याचे उदाहरण म्हणून दिलेले आहे. इकडे भारतीय मानकात १९७० मध्ये भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलला. भूकंपाचा धोका नाही असे मानलेले ‘शून्य क्षेत्र’ नकाशातून गेले आणि कोयनेचा परिसर वरच्या धोक्याच्या पट्ट्यात आला. आज तुमच्या-आमच्या घराच्या स्लॅबमध्ये, कॉलममध्ये जे जादा लोखंड पडते, त्याच्या मागे त्या पहाटेचाही वाटा आहे.

भूकंप मुळात झाला का, या प्रश्नाला वेगळे शास्त्र लागले. खडकातल्या जुन्या भेगांच्या दोन बाजू घर्षणाने एकमेकींना धरून असतात. जलाशयाचे वजन वरून दाब टाकते आणि पाणी भेगांत झिरपून तिथला दाब वाढवते. त्यामुळे घर्षणाची पकड सैल होते. भेग आधीच ताणाखाली असेल तर ती सरकते. म्हणजे भूकंपाची शक्ती जमिनीतलीच असते, जलाशय फक्त तिला मोकळे करतो. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूभौतिकतज्ज्ञांनी अनेक दशके या प्रश्नाचा पाठपुरावा केला. कोयना-वारणा परिसरात धक्के थांबलेले नाहीत, म्हणून तर तो जगातल्या मोजक्या नैसर्गिक प्रयोगशाळांपैकी एक ठरला. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडजवळ हजारमाची इथे खास प्रयोगशाळा उभारली आणि २०१७ मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण केले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, ओलांडल्यावर खाली अतिप्राचीन ग्रॅनाइट लागला. ज्या थरात भूकंप जन्म घेतो त्या थराकडे थेट डोकावायचा हा प्रयत्न आहे.

आता या एका प्रश्नात किती विद्या आल्या ते मोजा. स्थापत्य, भूगर्भशास्त्र, भौतिकी, गणित, संगणक, विवेधनाचे यंत्रशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी. व्याप्ती म्हणतात ती ही. आणि मनाला लागणारी गोष्ट अशी की, आपल्या अंगणातला हा प्रश्न बराच काळ आपल्या महाविद्यालयांबाहेरच सोडवला जात होता. आमच्या वर्गात कोयना धरण होते ते परीक्षेतल्या उदाहरणापुरते.

चित्र पुढे हळूहळू बदलले. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. वसंतदादा स्वतः फार शिकलेले नव्हते आणि त्यांचे राजकारण सांगलीच्या मातीतले. त्या निर्णयावर टीका पुष्कळ झाली, शिक्षणाचा बाजार झाला असेही म्हटले गेले. पण साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट, साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्याच वर्षीची आहेत, आणि उसाच्या फडातून थेट प्रयोगशाळेत आलेली पहिली पिढी याच दारांतून शिरली. पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रम आले, पीएच.डी. आली. २००७ मध्ये वालचंद महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाली. मग शोधनिबंधांची संख्या वाढली. प्रश्न उरला तो विषय कुठून निवडायचे याचा.

विषय तर घराभोवती पडलेले आहेत. तासगावचा बेदाणा घ्या. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’च्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीवर सुकवतात. थर विरळ होतो, पाणी भराभर उडते आणि बेदाण्याचा रंगही उजळ राहतो. यात रसायनशास्त्र आले, हवेचा ओघ आणि उष्णतेचे गणित आले, शेतीशास्त्र तर आलेच. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण कोणत्याही विद्यापीठातून निघालेला नाही. तो बागेतल्या बारीक निरीक्षणातून निघाला. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे अशीच माणसे आहेत.

साखर कारखान्यांच्या बॉयलरमधून निघणारी बगॅसची राख सिमेंटमध्ये किती मिसळता येईल, काळी माती पावसाळ्यात फुगून रस्ता उचलते ती चुन्याने कितपत बांधली जाईल, हे विषय अभियांत्रिकीचे विद्यार्थी आज प्रकल्पांसाठी घेतात. दिसायला साधे, पण ग्रामपंचायतीच्या रस्त्याचे आयुष्य त्यावर ठरते.

आणि मिरजेची सतार? एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून चालत आलेली ही कारागिरी. तानपुऱ्याच्या घोडीवरची जवारी लावणे हे काम कारागीर कानाने करतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. तारेच्या कंपनाच्या नेहमीच्या नियमाने जे स्वर ऐकू यायला नकोत, तेही या वक्र घोडीमुळे उमटतात, असे त्यांनी त्यात दाखवले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ध्वनिशास्त्राचा विद्यार्थी रोज जाऊन बसला तर त्याला शिकण्यासारखे आजही खूप मिळेल.

शेवटी ज्याच्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत त्या विषयाकडे येतो. सांगलीला पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती फूट?’ १९२९ च्या या पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांपुढे गेले. हरिपूरला, जिथे वारणा कृष्णेला मिळते, जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. त्या पुराने पेवांत पाणी शिरले आणि हळद कुजली. पिढ्यान्‌पिढ्यांची साठवणीची विद्या एका आठवड्यात मोडली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि आटपाडीला त्याचा दहावा हिस्साही नाही, अशी ही विषम भूमी आहे. कोयनेचा विसर्ग, वारणेचे पाणी, नदीचा मंद उतार, पात्रालगतची बांधकामे, खाली अलमट्टी, आणि वर ढगांचे वर्तन, हे सारे मिळून तो एक आकडा ठरतो. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. खाली सांगलीत आणि कऱ्हाडला महाविद्यालये आहेत. मधे नदी आहे. ढगापासून आयर्विन पुलापर्यंतचा अभ्यास एकत्र मांडला, तर गावभागातल्या म्हातारीला सामान वर न्यायला आणखी चार तास मिळतील.

चार तास ही फार मोठी गोष्ट आहे. कोयनानगरच्या माणसांना १९६७ साली चार मिनिटेही मिळाली नव्हती.

म्हणून पुढच्या वेळी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ‘संशोधनाची विविध क्षेत्रे’ अशी यादी दिसली, तर पालकांनी आणि विद्यार्थ्यांनीही एक प्रश्न जरूर विचारावा. यातले आपल्या नदीवर, आपल्या मातीवर, आपल्या धरणावर काय आहे? उत्तर देणाऱ्याला दोन-तीन विभागांत फोन करावे लागले, तर काम योग्य रस्त्यावर आहे असे खुशाल समजावे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)