पिसाएवढी लेस

अम्मीच्या ओढणीची लेस यंत्रावरची होती. हाताच्या लेसचं काम मोठं चिकाटीचं. उशीवर नक्षीनुसार टाचण्या टोचायच्या, दोरा गुंडाळलेल्या लाकडी कांड्या जोडीजोडीनं एकमेकींवरून न्यायच्या, पीळ द्यायचा. पीस विणायचं तर मधला दांडा हवा, दोन्ही अंगांना तंतू हवेत.

१८२०च्या दशकात मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी ही कला त्रावणकोरातल्या नागरकोइलच्या मुलींना शिकवली. त्यांतल्या काही जन्मानं गुलाम होत्या. लेसच्या कमाईतून त्यांनी स्वतःची सुटका विकत घेतली. तिथं गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८५५ मध्ये.

हलक्या वस्तूला आम्ही कवी सहज पिसाची उपमा देतो. ती लेसही तेवढीच हलकी. पण तिच्या मोलात एक माणूस सुटत होता.