वायर हाच स्विच!

गिटारच्या इफेक्ट पेडलवर पायाने दाबायचं बटण असतं, पण पॉवरचा स्विच सहसा नसतोच. विसरले? छे! 1966 साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेला 'फझ फेस' उघडून बघा, जिमी हेन्ड्रिक्सने गाजवला तोच. गिटारची वायर जिथे जाते ते सॉकेट स्टिरिओचं, म्हणजे तीन संपर्कांचं. पिन मात्र मोनो. बॅटरीचं एक टोक त्यातल्या रिकाम्या संपर्काला जोडलेलं. पिन आत गेली की तिची लांब दांडी तो संपर्क अर्थला टेकवते, सर्किट पूर्ण! एका स्विचचा खर्च वाचला. आपल्याला तर ही युक्ती जाम आवडते बुवा.

गृहीत एकच: वाजवून झालं की वादक वायर उपसणार. पुढे लोकांनी पाच-सहा पेडल्स एका फळीवर कायमची जोडली. वायरी रात्रंदिवस आत, बॅटऱ्या रात्रंदिवस चालू, आणि ऐन कार्यक्रमात आवाज गचकतो. म्हणून मग सगळ्यांना मिळून एक अडॅप्टर आणि फळीवर एक साधा स्विच.

जुना जर्मेनियमवाला फझ फेस मात्र यात बसत नाही. त्याचं अर्थ बॅटरीच्या प्लसला, बाकीच्यांचं मायनसला. एकत्र जोडलं तर थेट शॉर्ट. त्याची वायर अजूनही उपसावीच लागते.