दवंडी, बोहारीण आणि घरातली जुनी भांडी

आपल्या मंडळाच्या यंदाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाबरोबरच सभासद भगिनींच्या घरांतील जुन्या, पण वापरण्याजोग्या वस्तूंची विक्री ठेवावी, अशी सूचना पुढे आली, तेव्हा दोन तट पडले. तरुण सुनांना कल्पना पसंत पडली. वडीलधाऱ्या बायकांपैकी काहींनी मात्र नाक मुरडले. "आपल्या घरातली भांडी चारचौघांत मांडायची? लोक म्हणतील, यांच्यावर काय वेळ आली!" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे आपल्या सातारा-सांगलीकडचा शंभर-दीडशे वर्षांचा अनुभव आहे.

घरातली वस्तू घरासमोर मांडून विकणे म्हणजे आपल्याकडे एकच गोष्ट होती : जप्ती. सावकाराने दावा लावावा, कोर्टाचा हुकूम व्हावा, बेलिफाने येऊन जंगम मालाची यादी करावी आणि गावात दवंडी पिटून लिलाव पुकारावा. ही दवंडी केवळ गावाची रीत नव्हती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही जप्ती ढोल वाजवून किंवा तिथल्या रिवाजाप्रमाणे जाहीर करावी, असे लिहिलेले आहे. ज्या घरासमोर तो ढोल वाजला, त्या घरची सून पुढे कित्येक वर्षे पाणवठ्यावर मान वर करून बोलत नसे.

या सावकारी पाशाला कंटाळून मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी दंगा केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. विशेष म्हणजे लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या कर्जखतांवर होता. ती खते मिळवून जाळणे हाच हेतू. पुढे चौकशी होऊन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू केला गेला. त्या वेळी तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामकरण झाले. तेव्हा आज आपण ज्यांना सांगलीकर म्हणतो, त्यांतल्या पुष्कळांच्या पणजोबांना या कायद्याचा आधार मिळाला असेल. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्या कायद्याने थांबले.

भगिनींनी लक्षात ठेवावे असे आणखी एक कलम आहे. वर सांगितलेल्या १९०८ च्या संहितेच्या साठाव्या कलमाप्रमाणे ऋणकोचे, त्याच्या बायकोचे व मुलांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणे-पांघरुणे आणि धर्मरिवाजाप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने यांवर जप्ती येत नाही. म्हणजे आपली कढई, आपली वाकळ आणि आपले मंगळसूत्र यांना कायद्यानेच कुंपण घातले आहे. कायदा करणारे सगळे पुरुष होते. तरी चूल उचलून नेल्यावर घर राहत नाही, एवढे त्यांना उमगले होते!

मोठ्या घराण्यांनाही लिलाव चुकला नाही. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये वारसाच्या प्रश्नावरून इंग्रजांनी घेतले, तेच पुढे नागपूरचे झाले. तिथे तर भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन १८५५ मध्ये विकले. वाड्यातले सामान हलवाल तर वाडाच पेटवून देईन, असे तिथल्या वृद्ध राणीने बजावल्याचे इंग्रज इतिहासकारानेच नमूद केले आहे. सामान गेलेच. राज्य गेल्याचे दुःख वेगळे आणि आपल्या माजघरातल्या वस्तूला परक्याने बोली लावल्याचे दुःख वेगळे. दुसरे दुःख आपल्या कुठल्याही बाईला समजावून सांगावे लागत नाही.

मग जुन्या वस्तूंचे करायचे काय? इथे बायकांनी आपली वाट काढली. सुती लुगडे विरले की त्याची वाकळ होई, वाकळीतूनही उरले की पोतेरे. पितळेचे भांडे चेपले, गळू लागले, की ते कासाराकडे मोडीत घालून, घट वजा करून, वरचे पैसे भरून नवे घ्यायचे. जरीचे लुगडे फाटले तरी जर फाटत नाही. त्यातल्या चांदीसाठी ती विकत घेणारे दारावर येत. राहिलेले कपडे बोहारणीचे.

बोहारणीचा व्यवहार नीट पाहिला तर त्यात मोठे शहाणपण आहे. मुंबईसारख्या शहरात हा धंदा मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी, म्हणजे आजच्या देवीपूजक, समाजाच्या बायकांनी चालविला. कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका आपल्याकडच्या गल्ल्यांतूनही फिरत आल्या. ती यायची दुपारी, पुरुषमंडळी घरात नसताना. ओट्यावर टोपली उतरवायची, पाणी मागायचे, आणि आधी एक वाटी पुढे करायची. आपण पातेल्यावर बोट ठेवायचे. "काकू, ह्या पँटीचा गुडघा गेलाय, अजून एक साडी घाला." "अगं, ती साडी दोनदाच नेसलेली आहे!" अशी अर्धा-पाऊण तास घासाघीस चाले. पितळ जाऊन स्टेनलेस स्टील आले, मग प्लास्टिकची टबे आली, पण रीत तीच राहिली. यात पैशाचा शब्द निघत नाही. आपण काही विकले, असे कुणाला वाटत नाही. आपण भांडे "घेतले" असते. आणि कुठल्या घरातून काय गेले, हे पुढच्या गल्लीला कळत नाही. पाठीवर गाठोडे मारून ती निघून जाई, कपडे धुऊन, टाके घालून जुन्या बाजारात जात आणि ज्याला नवे परवडत नाही त्याच्या अंगावर चढत.

झाकून व्यवहार करण्याची ही खोड बायकांचीच, असे मात्र कुणी म्हणू नये. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविणारे सगळे मिशीवालेच असत. सांगलीच्या हळदीचे सौदे आता उघड लिलावाने होतात आणि त्यात शेतकऱ्याचे हित आहे. परंतु हळदीचे पोते आणि सासूने दिलेला तांब्या यांत फरक आहे, तो राहणारच.

आपल्यापैकी अनेकींची मुले अमेरिकेत आहेत. तिथे घराच्या अंगणात किंवा मोटारीच्या गॅरेजात जुने सामान मांडून, चिठ्ठीवर किंमत लिहून सुटीच्या दिवशी विकतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. नव्याने गेलेल्या आपल्या मुलामुलींचे टेबल, दिवा, पातेलीसुद्धा पुष्कळदा तिथूनच येतात. त्यांचा उघडेपणा घ्यावा. पण बोहारणीची झाकली मूठ सोडू नये, असे माझे मत आहे. त्यासाठी आपल्या विक्रीत वस्तूवर घरमालकिणीचे नाव नसावे, फक्त आकडा असावा. कुणाचा आकडा कोणता, हे वहीत एकाच कार्यकर्तीने लिहावे आणि हिशेब झाल्यावर ते पान फाडावे. आपल्या भांड्यांवर नावे घातलेली असतात हे खरे. अमक्याच्या लग्नात अमक्याने दिलेले, तारखेसह! असे भांडे ज्यांनी दिले ते हयात असतील तर ते मांडूच नये, आणि घेणारीने ते नाव मोठ्याने वाचू नये.

मांडणाऱ्या बाईने कपडा धुऊन, इस्त्री करून, खिसे तपासून द्यावा. फाटका असेल तर वाकळीत घालावा. आपल्याला नेसवत नाही ते दुसरीने नेसावे, ही अपेक्षा उद्धटपणाची आहे. कुकरचे झाकण, शिट्टी आणि रबर एकत्र बांधावे. मिक्सर घेणारीसमोर चालवून दाखवावा आणि खटखट वाजत असेल तर तसे चिठ्ठीवर लिहावे. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली असेल तर तेही सांगावे, कारण तिने त्यात आमटी केली तर कळकेल. देवांच्या मूर्तींना किंमत लावू नये. सुटे पैसे आदल्या दिवशीच आणून ठेवावे.

घेणारीने घासाघीस जरूर करावी, पण वस्तूला नावे ठेवून नव्हे. "का हो विकता?" हा प्रश्न विचारू नये. आणि कार्यकर्त्या भगिनींनी सकाळी मांडामांड करतानाच चांगले ते आपल्या पिशवीत घालू नये. हे लिहिताना काहींना राग येईल, पण लिहिणे भाग आहे.

ट्रंका उपसताना एक गोष्ट फार जपून करावी. वाई, सातारा, मिरज, तासगाव इथल्या जुन्या घरांतून मोडी कागदांची दप्तरे अजून निघतात. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये छापला, तो वाईला सापडलेल्या अशाच कागदांवरून. पानिपताच्या काळातली ती पत्रे रद्दीत गेली असती तर? साताऱ्यात पारसनीसांनीही असेच कागद जन्मभर गोळा केले. तेव्हा वाचता येत नाही म्हणून मोडी कागद रद्दीत घालू नयेत. आधी जाणकाराला दाखवावेत. १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे अशी वस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित पुराणवस्तू ठरू शकते. तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठविता येत नाही. पणजीची पेटी उघडताना सोबत कुणी वडीलधारे असावे, ते यासाठीच.

संध्याकाळी उरलेल्या वस्तू ज्यांच्या त्यांनी त्याच दिवशी परत न्याव्यात. मंडळाच्या कपाटात "तात्पुरत्या" ठेवू नयेत. तिथे आधीच तीन वर्षांची तोरणे आहेत. कपडे मात्र एकत्र बांधून ठेवावेत. बोहारीण आली की तिला बोलवावे, आणि घासाघीस करायला आपल्यातली सर्वांत तिखट बाई बसवावी.