लाइव्ह रीलोड ही शहरी चैन नव्हे

फाइल सेव्ह करताच ब्राउझरमधले पान आपोआप ताजे करणारी लाइव्ह रीलोडची साधने मोठ्या शहरांतल्या कंपन्यांसाठी आहेत, असे मत वेब डेव्हलपमेंट शिकवताना अनेकदा ऐकू येते. धारूरसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या लॅपटॉपवर, मोबाइलच्या डेटावर शिकणाऱ्याने पान ताजे करायला एफ-५ दाबावे, असे सांगितले जाते. त्यात डेटा वाचतो, मशीनवर ताण येत नाही आणि विचाराची सवय लागते, असे त्याचे समर्थन. ही तिन्ही कारणे तपासली की टिकत नाहीत.

आधी डेटा. हे साधन संगणकातच छोटा सर्व्हर चालवते. फाइल बदलल्याची खबर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला देते आणि तो वेबसॉकेटवरून ब्राउझरला कळवतो. एकदा इन्स्टॉल केल्यावर इंटरनेट बंद असले तरी हा व्यवहार चालतो. डेटा खातात ते पानात बाहेरच्या सर्व्हरवरून ओढलेले फॉन्ट आणि लायब्ररी. डेव्हलपर टूल्समध्ये कॅशे बंद असेल, तर एफ-५ दाबल्यावरही ते पुन्हा उतरतात. त्या फाइली प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवणे, हा त्यावरचा खरा उपाय.

मशीनचे म्हणाल, तर सगळ्या फाइली एकत्र बांधणाऱ्या जुन्या बंडलरांबद्दलची तक्रार रास्त होती. पण २०२० साली आलेले व्हीट हे साधन सुरुवातीलाच सगळा कोड एकत्र बांधत नाही. ब्राउझर मागेल ते मॉड्यूल देते. साध्या पानांना ब्राउझरसिंक हे साधन पुरते. सीएसएस बदलली तर ते फक्त स्टाइलशीट बदलते. अर्धा भरलेला फॉर्म तसाच राहतो. एफ-५ मात्र सगळे पान नव्याने मांडते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. पण विचार कळ दाबण्यात नसतो. बदल करण्याआधी परिणामाचा अंदाज बांधण्यात असतो. तो अंदाज लगेच पडताळता आला, तर चूक कोणत्या ओळीमुळे झाली हे नेमके कळते. पूर्ण पान ताजे न करता फक्त बदललेले मॉड्यूल बसवणारे हॉट मॉड्यूल रिप्लेसमेंट कधी कधी जुनी स्थिती धरून ठेवते आणि दोष झाकला जातो, हे खरे. म्हणून काम सोपवण्याआधी पान एकदा कोरे उघडून पाहावे. तेवढ्यासाठी साधनच टाकून देणे शहाणपणाचे नाही.

उलट धारूरला त्याची गरज अधिक आहे. इथल्या सीताफळाच्या विक्रीचे पान केले, तर गिऱ्हाईक ते बहुधा मोबाइलवरच उघडणार. फोनच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडून ब्राउझरसिंकने दिलेला पत्ता फोनवर उघडला, की लॅपटॉपवर केलेला बदल फोनच्या पडद्यावरही लगेच दिसतो. कमी रुंदीत फुटणारी ओळ, बोटाला न सापडणारे बटण तिथल्या तिथे लक्षात येते. दुसरे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

म्हणून हे साधन अभ्यासक्रमाच्या शेवटी बक्षीस म्हणून न देता पहिल्या आठवड्यातच शिकवावे आणि त्यासोबत लोकल सर्व्हर कसा चालतो हेही समजावून द्यावे. ज्याच्याकडे साधने तुटपुंजी आहेत, त्याचा वेळ सर्वांत आधी वाचवायला हवा.