शेती व्यवस्थापन सॉफ्टवेअर

शेती व्यवस्थापन सॉफ्टवेअर म्हणजे शेतातील कामांचे नियोजन करणे, झालेल्या कामांची तारीखवार नोंद ठेवणे आणि त्यावरून खर्च, निविष्ठा व उत्पादन यांचा हिशेब मांडणे यांसाठी वापरली जाणारी संगणकप्रणाली होय. वहीत केवळ तारखेच्या क्रमाने राहणारी नोंद या प्रणालीत प्लॉट, पीक किंवा निविष्ठा यांनुसारही शोधता येते.

नोंदींची रचना

फार्मओएस ही ड्रुपलवर आधारित मुक्तस्रोत प्रणाली आहे. तिच्यात जमीन, पीक, जनावरे व अवजारे यांना ‘मालमत्ता’, तर त्यांच्याबाबत घडलेल्या घटनांना ‘नोंदी’ मानले जाते. पेरणी, निविष्ठांचा वापर, निरीक्षण, प्रयोगशाळा तपासणी व काढणी हे नोंदींचे काही प्रकार होत. प्रत्येक नोंदीस तारीख, ठिकाण, परिमाण व स्थिती जोडता येते. नियोजित काम प्रथम ‘प्रलंबित’ म्हणून नोंदवले जाते आणि काम झाल्यावर तीच नोंद ‘पूर्ण’ होते. त्या वेळी प्रत्यक्ष तारीख व मात्रा दुरुस्त केली नाही, तर योजनाच नोंद म्हणून शिल्लक राहते.

नोंदीचे एकक ‘प्लॉट’ असणे सोयीचे ठरते. एकाच सातबाऱ्यावरील बागेचे दोन भाग वेगवेगळ्या दिवशी छाटले असतील, तर त्यांची पुढील कामेही वेगळ्या दिवशी येतात.

द्राक्षशेतीतील उपयोग

महाराष्ट्रात द्राक्षवेलीची साधारणतः वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. पुढील कामांचे वेळापत्रक छाटणीपासूनच्या दिवसांवर ठरत असल्याने छाटणीची तारीख दिल्यावर प्रणाली कामांची यादी तयार करू शकते.

फवारणीच्या नोंदीचा थेट संबंध काढणीशी असतो. एखाद्या कीटकनाशकाचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी ३० दिवस असेल आणि फवारणी १० जानेवारीस झाली असेल, तर ९ फेब्रुवारीपूर्वी काढणी करता येत नाही. अशा वेळी आगाऊ इशारा मिळण्याची सोय प्रणालीत करता येते.

युरोपीय संघाच्या २००२ मधील अन्नविषयक कायद्याने अन्नपदार्थांचा माग काढता येणे बंधनकारक केले. भारतातून तेथे निर्यात होणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय मागोवा प्रणाली उभारली. तिच्यात नोंदणीकृत बाग, प्रयोगशाळेतील अवशेष तपासणी आणि पॅकहाऊस यांची माहिती एकमेकांशी जोडली जाते. ग्रेपनेट ही निर्यात साखळीची प्रणाली असून शेतकऱ्याच्या दैनंदिन नोंदवहीचे काम तिच्याकडे नाही.

या फरकाचे महत्त्व २०१० मध्ये दिसून आले. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष आढळल्याने निर्यातदार व बागायतदार यांचे मोठे नुकसान झाले. हे वाढनियंत्रक वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी, विशेषतः खरड छाटणीनंतरच्या हंगामात, वापरले जात असे. त्यामुळे केवळ फळहंगामातील फवारण्यांची नोंद अपुरी पडते. बागेचा इतिहास खरड छाटणीपासून लिहिलेला असावा लागतो.

मर्यादा

सॉफ्टवेअर नोंदीतील विसंगती दाखवू शकते, पण नोंद खरी आहे की नाही हे सांगू शकत नाही. आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेल्या नोंदींत तारीख व मात्रा चुकण्याचा संभव असतो. शेतात इंटरनेट उपलब्ध नसल्यास कामाच्या वेळी नोंद करणे अवघड जाते. यासाठी काही प्रणालींत माहिती आधी मोबाइलमध्ये साठवून नंतर पाठवण्याची सोय असते. एककांतही गोंधळ होतो. शेतकरी क्षेत्र एकर-गुंठ्यांत मोजतो, तर शिफारशी अनेकदा हेक्टरी असतात. १ हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. हे रूपांतर चुकल्यास मात्रा जवळजवळ अडीचपट चुकते. प्रणाली बदलताना जुन्या नोंदी बाहेर काढता येतात का, हेही निवडीपूर्वी पाहणे आवश्यक असते.