उसना पत्ता

मोबाईलची कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो. भारतभर ही सोय २०११ पासून आहे. मग इंटरनेटची कंपनी बदलतांच आयपी पत्ता कां सोडावा लागतो? या प्रश्नामागें मोठा इतिहास आहे.

प्रारंभीं अशी अडचण नव्हती. १९८१ सालीं आयपी पत्त्याची घडण निश्चित झाली. त्या काळीं कॅलिफोर्नियांतील जॉन पोस्टेल यांच्या देखरेखीखालीं संस्थांना पत्ते थेट मिळत. संस्थेनें जोडणी कोणाकडूनही घ्यावी, पत्ता तिचाच राही. मात्र अशा प्रत्येक संस्थेकडे जाणारी वाट जगांतील मुख्य राऊटरांना निरनिराळी नोंदवावी लागे. संस्था वाढल्या, मार्गसूच्या फुगल्या, आणि १९९२ च्या सुमारास यंत्रांची स्मरणशक्ति अपुरी पडण्याची भीति निर्माण झाली.

उपाय १९९३ सालीं निघाला. पत्त्यांचे मोठे गट कंपन्यांस द्यावे, त्यांनीं ते ग्राहकांत वांटावे, आणि बाहेरच्या राऊटरांनीं संपूर्ण गटाची एकच नोंद ठेवावी, असें ठरलें. टपाल छाटणारा कारकून जिल्हा पाहून थैली निवडतो, गल्ली पाहत नाहीं. तसाच हा प्रकार. परंतु एखादा ग्राहक पत्ता घेऊन दुसऱ्या कंपनीकडे गेला कीं त्याच्यापुरती जगभर स्वतंत्र नोंद आलीच. म्हणून १९९६ सालीं याकोव्ह रेख्टर व टोनी ली यांनीं मांडलें कीं, पत्ता मालकीचा नव्हे, उसना समजावा. कंपनी सोडतांना तो परत करावा.

ग्राहकांची तक्रारही खोटी नव्हती. शेंकडों यंत्रांचे पत्ते बदलण्याचा खर्च त्यांच्या पायांतील बेडी ठरे. २००४ सालीं न्यू जर्सींतील एका ग्राहकानें असे उसने पत्ते जवळ ठेवण्याचा तात्पुरता हुकूम न्यायालयाकडून मिळविला, तेव्हां तंत्रज्ञांत खळबळ उडाली.

ज्यांस पत्ता टिकविणें अगत्याचें असतें, त्यांस प्रादेशिक वा राष्ट्रीय नोंदणीसंस्थेकडून थेट पत्ते मिळतात. मात्र २५६ पत्त्यांहून लहान गटाची स्वतंत्र नोंद सहसा कोणी स्वीकारीत नाहीं. इतरांस १९८३ सालीं योजिलेली नामव्यवस्था पुरेशी होते: संकेतस्थळाचें नांव कायम राहतें, त्यामागचा पत्ता बदलतो. मोबाईलच्या नंबराचें खरें नातें या नांवाशींच आहे. पत्ता म्हणजे वाट. आणि एकाची वेगळी वाट साऱ्या जगास लक्षांत ठेवावी लागते.