रक्ताची साक्ष

पूर्वीं वैद्य घरीं आला, कीं प्रथम रोग्याचें मनगट हातीं घेई. नाडीवर तीन बोटें टेकवून तो डोळे मिटी, आणि घरांतील मंडळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभी राहत. नाडी आजचें सांगते. उद्यांचें ती क्वचितच बोलते. हृदयविकाराचें भय तर यांतच आहे. काल संध्याकाळीं फिरून आलेला धडधाकट गृहस्थ आज पहांटे जातो, आणि मागें राहिलेलीं माणसें एकच प्रश्न विचारतात : याची आधीं कांहींच सूचना मिळत नव्हती काय? या प्रश्नाचें एक उत्तर रक्तांतच होतें. तें वाचतां येण्यास ६७ वर्षें लागलीं.

या कथेचा आरंभ हृदयापासून झालाच नाहीं. १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत ऑस्वल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेंत विल्यम टिलेट आणि टॉमस फ्रॅन्सिस हे न्यूमोनियाचा अभ्यास करीत होते. पेनिसिलिन तेव्हां औषध म्हणून हातीं आलें नव्हतें. न्यूमोनियाच्या जंतूंपासून काढलेला एक शर्करामय पदार्थ, ज्याला 'सी' हें अक्षर दिलेलें होतें, तो रोग्याच्या सीरममध्यें, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या निवळ पाण्यांत, मिसळला, कीं तें गढूळ होई. नवल असें, कीं रोगी बरा झाला म्हणजे तेंच सीरम स्वच्छ राही. रोगाचा प्रतिकार करणारीं द्रव्यें रोगी सुधारूं लागला म्हणजे वाढतात. हें द्रव्य तर रोगाबरोबर येई आणि रोगाबरोबर जाई. पुढें १९४१ सालीं तें एक प्रथिन असल्याचें त्याच प्रयोगशाळेंत दिसून आलें. 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन' तें हेंच. शरीरांत कोठेंहि दाह उत्पन्न झाला, कीं यकृत तें रक्तांत सोडतें. दाहाचा एक निरोप्या, एवढीच त्याची योग्यता मानली गेली.

हृदयरोगाचा शोध दुसऱ्याच वाटेनें चालला होता. १९४८ सालीं अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम गांवीं पाहणी सुरू झाली. ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षें तपासणी होऊन रक्तदाब, धूम्रपान व कोलेस्टेरॉल हे अपराधी पुढें आले. तरीहि हिशेब पुरता जुळेना. कोलेस्टेरॉल बेताचें असलेल्या अनेकांनाहि झटका येई. रक्तवाहिनी म्हणजे कांहीं नळ नव्हे, कीं आंत थर सांचला आणि पाणी अडलें. चरबीच्या त्या थरांत पांढऱ्या पेशी शिरतात, मंद दाह धुमसत राहतो, आणि एके दिवशीं थर फुटून रक्ताची गुठळी होते, असें हळूहळू उमगूं लागलें. दाह असेल, तर त्याचा जुना निरोप्याहि रक्तांत सांपडावयास हवा!

हें पडताळून पाहण्याची सामग्री योगायोगानें तयार होती. अमेरिकेंतील २२,०७१ डॉक्टर अ‍ॅस्पिरिनच्या एका मोठ्या चाचणींत सामील झाले होते, आणि त्यांपैकीं अनेकांनीं आरंभींच दिलेलें रक्त गोठवून ठेवलेलें होतें. बॉस्टनच्या पॉल रिडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या कुप्या बाहेर काढल्या. ज्या ५४३ जणांना पुढें हृदयाचा झटका, पक्षाघात किंवा शिरेंतील गुठळी यांनीं गांठलें, त्यांचें रक्त तितक्याच निरोगी राहिलेल्यांच्या रक्ताशीं ताडून पाहिलें. १९९७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तांत हें प्रथिन सर्वांत अधिक होतें, त्या चतुर्थांशास हृदयाच्या झटक्याचा धोका सर्वांत कमी असलेल्या चतुर्थांशाच्या जवळजवळ तिप्पट होता. आणि रक्त दिलें, त्या दिवशीं यांपैकीं कोणालाहि झटका आलेला नव्हता.

पर्वतावर धूर दिसला, कीं तेथें अग्नि असला पाहिजे असें अनुमान आपले नैयायिक करीत. पण धूर म्हणजे अग्नि नव्हे. ज्यांच्या रक्तांत वारशानेंच हें प्रथिन थोडें अधिक असतें, त्यांना त्यापायीं अधिक झटके येत नाहींत, असें पुढील संशोधनांत आढळलें. जाळतो तो दाह; प्रथिन हा त्याचा धूर. २०१७ सालीं १०,०६१ हृदयरोग्यांच्या एका चाचणींत दाह शमविणाऱ्या औषधानें कोलेस्टेरॉल न उतरतांहि झटके कमी झाले. मात्र जंतुसंसर्गानें दगावणाऱ्यांची संख्या थोडी वाढली. शिवाय धूर कोणत्या चुलीचा, हेंहि पाहिलें पाहिजे. साधी सर्दी किंवा सुजलेल्या हिरड्या यांनींहि हें प्रथिन वाढतें. म्हणून एकाच तपासणीवर विसंबून चालत नाहीं.

आपणांस या साक्षीची गरज इतरांहून अधिक आहे. भारतासह ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' पाहणीनें २००४ सालीं कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या दोन प्रथिनांच्या परस्पर प्रमाणाला मोठें महत्त्व दिलें. तिच्याच आंकड्यांवरून असेंहि निघालें, कीं दक्षिण आशियांतील माणसाला पहिला झटका ५३व्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे इतरांच्या सुमारें सहा वर्षें आधीं येतो. कर्त्या माणसाच्या आयुष्यांतील तीं सहा वर्षें म्हणजे मुलांचें शिक्षण पुरें होण्याचा काळ. वैद्याच्या बोटांना जें कळत नव्हतें, तें कुपीभर रक्त सांगूं शकतें. तें ऐकून विडी टाकणें, रोज चालणें आणि औषध वेळेवर घेणें, हें मात्र आपल्याच हातीं राहतें.